उरल्या वजनातली माणसं

कापूस, सरकी, भुईमूग, मिरची हे तर मी मापलंच. पण टपालाच्या थैल्या, विमानाची चाकं, एका सुभेदाराची मेंढी आणि गावोगावच्या कितीतरी बायकाही मी काट्यावर मापल्या आहेत, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. बायको म्हणते, "सांगा आता पुरं. नाईतं लोकाईले भलतंच वाटन." म्हणून हे लिहायला बसलो.

मी खामगावच्या कापूस बाजारातला मापारी. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याची नजर यांच्या मधोमध काटा धरून उभा राहायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हा आमचा धंदा. बापाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही की दिवसाच्या पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, तेही साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून. त्याच्या पुढचं माप दोन, मग तीन. दुसरी गोष्ट, बारदान वजा करायचं. बारदान म्हणजे माल ज्यात बांधलेला असतो ते सगळं, गोणपाट, सुतळी, लोखंडी पट्ट्या. घेणारा कापूस घेतो, गोणपाट नाही. म्हणून काट्यावर जे दिसेल त्यातून बारदान मनातल्या मनात काढायचं आणि उरेल तेवढंच लिहायचं. हे माझ्या हातात इतकं भिनलं होतं, की माझी पहिली मुलगी दुपट्यात गुंडाळून कोणी हातात दिली तेव्हा मी आधी दुपटं वजा केलं.

मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधल्या एका पडीत माळावर लष्कराने जमीन सपाट करून विमानं उतरवायचं मैदान केलं. पश्चिमेकडून येणारी विमानं इथे तेल घ्यायची आणि पार बंगालच्या पलीकडे, लढाईच्या मुलखाकडे जायची. आमची माणसं त्याला 'इमान' म्हणत. त्या मैदानावर वजन करणारा माणूस हवा होता, कारण लष्कराचा स्वतःचा काटा लॉरीतून उतरवतानाच आपटून मोडला होता. कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी बाजारातला माझा लोंबता काटा, साखळ्या, फळी आणि मणामणाची वजनं बैलगाडीत घालून दाखल झालो. मैदानावरच्या साहेबाने एकदा मला पाहिलं, एकदा काट्याला पाहिलं आणि सिगारेट पेटवली.

विमानात जागा किती आहे हे कोणी विचारत नाही, वजन किती उरलंय ते विचारतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं. बैलगाडीत एखादा जास्त बसला तर बैल मान वाकडी करतो, विमान बापडं तसं काही सांगत नाही. मैदान आखूड, पुढे बाभळीची रांग. त्यात ऊन चढलं की हवा पातळ होते आणि विमान कमी उचलतं. म्हणून कप्तान दर खेपेला आकडा सांगायचा, आज एवढेच रत्तल. रत्तल म्हणजे त्यांचा पौंड, आपला साधारण अर्धा शेर. आधी सरकारी माल, मग कामावर जाणारे शिपाई, आणि हे सगळं चढल्यावर जे वजन उरेल त्यात सैनिकांच्या घरची माणसं. त्यांच्याकडे कचेरीची चिठ्ठी असायची, माझ्या यादीत नाव असायचं, पण हक्क नसायचा. पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहायचं. वजन उरलं तर यादीच्या क्रमाने जायचं, नाही उरलं तर उद्या. उद्या विमान येईलच असंही नाही.

माझ्या काट्याच्या फळीवर बसायचं म्हणजे झोपाळ्यावर बसल्यासारखं. शिपाई हसत बसायचे. बायकांची मात्र पंचाईत. वरवट बकालची एक म्हातारी फळीकडे बघून कडाडली, "मी काय सरकी हाय का बे? मले मापते!" तिची समजूत घालता घालता माझा अर्धा दिवस गेला. शेवटी मी युक्ती काढली. पहिल्या माणसाला फळीवर बसवलं की बाजारातल्यासारखं "लाभ!" असं ओरडायचं. मग बायका हसायच्या. ज्यांच्या घरी कापूस पिकतो त्यांना तो शब्द ओळखीचा. नंतर तर 'लाभ' होण्यासाठी बायका एकमेकींच्या पुढे घुसू लागल्या. सुभेदाराच्या बायकोने नवऱ्यासाठी मेंढी आणली होती. मेंढी बावीस रत्तलांनी जास्त भरली, मग सुभेदारीण गेली आणि मेंढी माझ्याकडे राहिली. तिचं पुढे काय झालं ते शेडमधल्या शिपायांना विचारा.

आणि खरं सांगतो, इतके महिने ते काम केलं, पण विमान उडताना मी हातातलं काम टाकून बघायचो ते बघायचोच. त्यातली प्रत्येक थैली, प्रत्येक माणूस मी स्वतः तोललेला. आकडा न् आकडा मला तोंडपाठ. आणि ते सारं, खंडीच्या खंडी वजन, बाभळीवरून निघून जायचं! मी फेटा काढून उभा राहायचो. लोक मला हसायचे, हसू देत.

तर वैशाखातली एक सकाळ. त्या दिवशी सरकारी माल म्हणून कापसाच्या चोवीस लहान गाठी आल्या होत्या, गोणपाटात आवळलेल्या, वर लोखंडी पट्ट्या. लष्करी दवाखान्यात जखमांवर बांधायचा धुतलेला कापूस. इतक्या महिन्यांनी काट्यावर कापूस आला म्हणून मी भलताच खुशीत होतो. जुना सोबती भेटावा तसं वाटलं. हात भराभर चालले. चार शिपाई बसले. यादीत पहिलं नाव एका मेजरच्या बायकोचं होतं. पिकल्या केसांची गोरी मेम, दोन दिवस शेडमध्ये एका ट्रंकेवर बसून होती. कोणाशी बोलायची नाही, ट्रंकेला कोणाला हात लावू द्यायची नाही. मी तिचं नाव 'ट्रंकवाली' ठेवलं होतं आणि मागून तिची नक्कलही केली होती.

यादीत दुसरं नाव गंगाबाई, राहणार दुसरबीड.

ही बाई आदल्या संध्याकाळी आली होती. सिंदखेडच्या बाजूने चिखली, बुलढाणा असं करत कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून. राजूरच्या घाटात मोटार दोनदा बंद पडली तेव्हा उतरून चालत निघाली होती म्हणे. लहानखुरी, काटक, कपाळ मोकळं. हातात गाठोडं आणि लुगड्याच्या पदरात बांधलेली तार. सकाळी तार तिने मला वाचायला दिली. मजकूर तिला पाठ होता, तरी म्हणाली, "पुन्हा वाच दादा. बदललं असन काही."

बदललं काही नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा नामदेव तिकडच्या दवाखान्यात होता. पाय चिघळला होता. पाय कापला नाही तर जीव जाणार असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि पोरगा कोणाला पायाला हात लावू देत नव्हता. आईला विचारल्याशिवाय नाही, एवढंच म्हणत होता. आईला ताबडतोब पाठवा.

"आगगाडीनं किती दिस लागतीन?" तिने विचारलं.

"लढाईच्या दिवसांत आगगाडीचं काही खरं नाही. चार दिवस. पाच."

"अन् इमानानं?"

"आज निघालं तर संध्याकाळी."

ती काट्याच्या फळीवर जाऊन बसली, गाठोडं मांडीवर घेऊन. कापसाच्या घरातली बाई, तिला काही शिकवावं लागलं नाही. मी हिशेब केला. कप्तानाच्या आकड्यातून सगळं वजा जाता शंभर रत्तल उरत होते. गंगाबाई आणि तिचं गाठोडं मिळून अठ्ठ्याण्णव. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "चला माय! बसा इमानात!"

ती शिडी चढली. दार लागलं. मी यादीवर सही करायला खाली बसलो आणि माझ्याच अक्षरातली ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. कापूस, गाठी चोवीस, बारदान वजा, गाठीमागे चार.

बाजारात बारदान वजा करतात, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही. पण इमानाला काय! गोणपाटही उडणार होतं, पट्ट्याही उडणार होत्या. चोवीस चोक शहाण्णव रत्तल मी कागदावरून गायब केले होते. ज्या मापाऱ्याचा काटा साऱ्या खामगावात नावाजलेला, त्याने माणसं भरलेल्या विमानात खोटं वजन घातलं होतं. दोन रत्तल शिल्लक होते ते सोडून चौऱ्याण्णव जास्त. म्हणजे जवळजवळ एक गंगाबाई.

आता खरं काय ते सांगतो, कारण ते लपवून ठेवण्याचं माझं वय राहिलेलं नाही. मी क्षणभर गप्प बसलो. मनात आलं, कोणाला कळणार आहे? इमान कदाचित उचलेलही. मी बोललो तर यादीतलं शेवटचं माणूस उतरणार, हा नियम. ते माणूस म्हणजे ती बाई. ती उतरली म्हणजे तिकडे पोरगा गेला. आणि नाही बोललो, तर समोर बाभळीची रांग. पहिलं इंजिन सुरू झालं तेव्हा मी उठलो, डोक्याचा फेटा सोडला आणि तो हलवत, ओरडत विमानाकडे धावलो.

कप्तान पोरसवदा गोरा होता. मोडक्या हिंदुस्तानीत बोलायचा, मला 'तोलवाला' म्हणायचा. इंजिन बंद करून खाली आला. "क्या हुआ, तोलवाला?"

मी सांगितलं. बारदान म्हणजे काय हे इंग्रजीत मला सांगता येईना, म्हणून एका रिकाम्या गोणपाटाला हात लावून दाखवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. त्याला समजलं. तो रागावला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. घड्याळ पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाला, शेवटची कोण चढली?

गंगाबाई दारात आलीच होती. कोणी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. शिडी उतरून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"किती जास्त हाय, मापारीभाऊ?"

"चौऱ्याण्णव रत्तल, माय. सव्वा मणाला थोडंसं कमी. चूक माझी हाय. मीच..."

तिची तार मी सकाळीच कप्तानाला दाखवली होती. तो माझ्याशी हळूच बोलला, दोन गाठी खाली उतरवू. सरकारी माल मागे ठेवायची परवानगी मला नाही, पण मी बघून घेईन. शिपाई उठलेही. एक गाठ दारापर्यंत आली.

"थे काय हाय?" गंगाबाईने विचारलं.

"कापूस आहे माय. दवाखान्यात जखमेवर बांधायचा."

तिने गाठीवर हात ठेवला. गोणपाटाच्या फटीतून कापसाचा एक पुंजका ओढून पाहिला, आपल्या वावरातला कापूस बघावा तसं. मग ती म्हणाली, "थे नोको उतरवू. तिथं काय माहा एकटाच हाय का?"



"अवं माय, मग तुह्या पोराचं कसं?" माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघाली.

"मले घेऊन जाता येईन तं पाहा. नाई तं आगगाडी हाय. पन थो कापूस नोको." आणि तिने खाली बसून गाठोडं सोडलं, बाजूला ठेवलं. पायातले रुप्याचे तोडे काढले. हातातले गोट निघेनात, तिने पाण्याच्या मडक्यात हात बुडवून ओढून काढले, कातडी सोलवटली. सगळं माझ्या फळीवर नेऊन ठेवलं. "माप. आता बारदानासकट माप, भाऊ."

गाठोडं तेरा, चांदी चार. सतरा.

एवढा वेळ ट्रंकवाली मेम दारातून वाकून माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, ही बाई काय म्हणाली? माझं इंग्रजी किती असणार. मी म्हणालो, "शी सेज, देअर नॉट ओन्ली माय सन." मेमने ते ऐकलं. मग मागे वळली आणि आतून ती ट्रंक, जिला तिने दोन दिवस कोणाचा हात लागू दिला नव्हता, ती तिने स्वतः दारापर्यंत ढकलत आणली. शिपायांनी खाली घेतली. अठ्ठेचाळीस.

कप्तानाने स्वतःची पिशवी आणून टाकली. चौदा. ती टाकताना तो एवढंच म्हणाला, "जल्दी तोलो."

एकोणऐंशी. अजून पंधरा हवे होते. चौघे शिपाई आमच्याच मुलखातले होते. त्यातला एक मेहकरकडचा, तोंडाने फाटका. म्हणाला, "बूट काहाले लागते बे इमानात? वर काय काटे हायेत?" चौघांनी खाली बसून बूट सोडले. त्या लष्करी बुटांना खिळे ठोकलेले, जोडीला चार रत्तल. सोळा.

मी बेरीज तीनदा केली. "पंच्याण्णव!" मी ओरडलो. "एक रत्तल उरतो!"

गंगाबाई शिडीच्या पहिल्या पायरीवरून मागे फिरली. "एक रत्तल म्हंजे अर्धा शेर नं?" सोडलेल्या गाठोड्यातून तिने दोन आंबे उचलले. पाडाचे, पिवळे पडलेले. "त्याच्या बापानं लावलेलं झाड हाय." मी फळीवर ठेवले. रत्तलावर छटाकभर जास्त भरत होते. ती छटाक मी पाहिली नाही, आणि कप्तानाने तर आकाशाकडेच पाहिलं.

विमान धावलं, धावलं, आणि मग ते उठलं. बाभळीच्या शेंड्यावरून, चार अनवाणी शिपाई, एक मेम, चोवीस गाठी कापूस आणि दुसरबीडची गंगाबाई दोन आंबे घेऊन निघून गेले. धुळीत बुटांच्या चार जोड्या ओळीने राहिल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि ढसाढसा रडलो. मोठा बाप्या, डोक्याला फेटा नाही. माणसं अशी असतात हे मला बाजारात इतकी वर्षं उभं राहून माहीत नव्हतं.

बूट पुढच्या खेपेला पाठवले. कप्तानाने आपली पिशवी नेली, माझी चूक कोणाला कळवली नाही. ट्रंक मात्र पडूनच राहिली. महिन्याभराने मी कप्तानाला आठवण केली, तेव्हा त्याने सांगितलं. मेमचा नवरा त्याच दवाखान्यात होता, आणि ती पोचायच्या आदल्या दिवशीच तो गेला होता. ट्रंकेत त्याचे कपडे होते. ती आता नको म्हणाली होती. मी तिची नक्कल केली होती ना, ते मला आजही टोचतं. माफी मागायला ती कुठे भेटणार?

पाऊसकाळ संपत आला तेव्हा एका सकाळी गंगाबाई आली. आगगाडीने मलकापूरला, तिथून बैलगाडीने. सोबत नामदेव. उंच पोरगा, अंगावर मांस नाही, डावा पाय गुडघ्यावरून गेलेला, दोन्ही काखांत कुबड्या. माझ्याकडचं गाठोडं आणि फडक्यात बांधलेली चांदी मी काढून दिली. तिने मोजली नाही, घातलीही नाही, पदरात टाकली.

"पोचल्या पोचल्या पाह्यलं त्यानं मले," ती सांगत होती. "म्हने, माय, पाय गेला तं तिफन कशी धरू? मी म्हनलं, तिफन मी धरीन. तू जित्ता राह्य. मंग डाक्तरले हात लावू देल्ला." पेरणीची तिफण बाईने धरायची रीत आमच्याकडे नाही. पण त्या बाईला रीत कोण सांगणार? त्या पावसाळ्यात तिचं वावर वेळेवर पेरून झालं होतं, कारण पेरणीपुरती ती पोराला दवाखान्यात ठेवून एकटी येऊन गेली होती.

नामदेव काट्याकडे बघत होता. "हाच का थो काटा?" त्याने विचारलं.

"हाच," गंगाबाई म्हणाली. "मापारीभाऊ, याले माप."

त्या दिवशी विमान नव्हतं, यादी नव्हती, मापायचं कारणही नव्हतं. मी पोराला दंडाला धरून फळीवर बसवलं. आणि माझा हात आपोआप त्याच्या कुबड्यांकडे गेला, त्या बाजूला काढून ठेवायला. पंधरा वर्षांची सवय. बारदान वजा.

गंगाबाईने माझा हात धरला.

"कुबड्यांसकट माप," ती म्हणाली. "आता थे बी त्याचंच हाय."

मी कुबड्या त्याच्या मांडीवर ठेवल्या, साखळ्या सारख्या केल्या, पलीकडे एक एक वजन चढवलं. दांडी हळूहळू सरळ झाली. सकाळचं पहिलंच माप होतं. मी छाती भरून श्वास घेतला आणि सारा माळ ऐकेल असा ओरडलो, "लाभ!"